रोज एक समास, रोज अर्धा तास लाठी : सात महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्याला, शस्त्रपूजनाच्या दिवशी, मी कोल्हापुरात घराजवळच्या तालमीत पहाटे मर्दानी खेळातली लाठी शिकायला जाऊ लागलो आणि त्याच रात्रीपासून दासबोधाचा रोज एक समास वाचू लागलो. 20 दशक आणि प्रत्येकात 10 समास, म्हणजे 200 रात्रींचे वाचन. मधले अकरा दिवस बुडाले. माझे वय 46 असून मी दिवसभर हिशेबाच्या टेबलाशी बसतो. आईला ऐकू कमी येते, एकच गोष्ट तिला तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढायचा, आणि मग रात्रभर त्याचीच टोचणी लागून झोप यायची नाही. याच कारणासाठी मी या दोन्ही गोष्टींकडे वळलो.

आधी लाठीविषयी. पहिली लाठी मी घरबसल्या मागवली आणि फसलो. तो बांबू पोकळ होता, दुसऱ्याच आठवड्यात उभा चिरला आणि त्याची कूस तळहातात शिरली. नंतर वस्तादांनी स्वतः निवडून दिलेली लाठी भरीव वेळूची आहे, जमिनीवर उभी केली तर माझ्या कपाळाला लागते आणि तेल पाजल्यामुळे आता हातात गुळगुळीत फिरते. पहिला दीड महिना फक्त पवित्रे आणि एकहाती फिरवणे एवढेच होते. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी फोड आले, तेव्हा वस्ताद म्हणाले, "आवळू नका दादा, सुटणार न्हाई एवढीच धरा." पकड सैल केल्याबरोबर खांद्यातला ताठरपणा गेला, आणि एरवी दिवसभर आपण जबडासुद्धा किती आवळून बसतो, हे त्या दिवशी कचेरीत प्रथमच ध्यानात आले.

वाचनाची सुरुवात मात्र निराशाजनक होती. मी घेतलेल्या आवृत्तीत फक्त मूळ ओव्या होत्या, टाइप बारीक होता आणि जुने शब्द अडत होते. महिनाभराने सार्थ आवृत्ती घेतली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. दुसऱ्या दशकातले मूर्खलक्षण वाचताना आधी शेजारीपाजारी डोळ्यांपुढे येतात आणि थोड्या वेळाने आपण स्वतः येतो. तिसऱ्या दशकातले तापत्रयाचे, म्हणजे तीन प्रकारच्या दुःखांचे, समास मात्र दिवसभराच्या शिणानंतर जड जातात, ते सुट्टीच्या सकाळी वाचावेत. आईने 'मलाही ऐकव' म्हटल्यापासून मी मोठ्याने आणि सावकाश वाचू लागलो. ओवीच्या तीन चरणांना यमक आणि चौथा मोकळा, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा हे आपोआप कळते. चढलेला आवाज आणि मोठा आवाज यांत फरक आहे, हे मला या वाचनाने शिकवले, आणि त्या दोहोंतला पहिला आता आमच्या घरात क्वचितच ऐकू येतो.

या दोन्हींचा सांधा मला सर्वांत उशिरा, 181व्या रात्री सापडला. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनाविषयी आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, आणि पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, असे समर्थ तिथे सांगतात. दुसऱ्या दिवशी पहाटे लाठी फिरवताना मी मोजून शंभर फेऱ्या केल्या आणि शंभरावी पहिलीसारखी येते का, एवढेच पाहिले. ती आली नाही. चाळिसाव्या फेरीनंतर मनगट झुकू लागले होते. मात्र त्या शंभर फेऱ्यांत कचेरीतला एकही विचार मनात फिरकला नव्हता. मला हवी असलेली शांतता आणि मला हवे असलेले बळ या समानपणात एकत्र सापडेल, असे मी धरून चाललो नव्हतो. तेव्हापासून रोज तेवढेच पाहतो, आणि साठाव्या फेरीपर्यंत मनगट आता टिकते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. चौथ्या महिन्यात घाईने दोन्ही हातांत लाठी घेण्याच्या हट्टापायी उजवा खांदा दुखावला आणि तीन आठवडे तालीम बंद राहिली. महिन्या-दोन महिन्यांत स्वसंरक्षण शिकायचे असेल, तर हा मार्ग नव्हे. झोप सुधारायला मला जवळपास तीन महिने लागले. तालीम बंद होती त्या काळात वाचन चालू असूनही चिडचिड परतली होती, त्यामुळे माझ्यासारख्या बैठ्या माणसाला नुसता ग्रंथ पुरेल असे मला वाटत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने लाठी तालमीतूनच घ्यावी, ग्रंथ सार्थ आणि मोठ्या टाइपाचा घ्यावा, आणि घरात ऐकणारे कोणी असेल तर मोठ्यानेच वाचावे. आमची दुसरी फेरी परवा सुरू झाली. पहिल्या समासात मी एक ओवी गाळली, तेव्हा आईने हात वर करून मला थांबवले आणि ती पुन्हा वाचायला लावली.