श्वाल्बे मॅरेथॉन प्लस: सामान लादलेल्या सायकलचा टायर

कोकण किनाऱ्याने रोज 80-90 किलोमीटर सायकल हाकायची, तर पंक्चर न होणं हे वेगापेक्षा मोलाचं. श्वाल्बे या जर्मन कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरच्या रबराखाली 5 मिलिमीटर जाडीचा निळा लवचिक थर आहे. बाभळीचे काटे, काचा, ट्रकच्या फाटक्या टायरातून सांडलेल्या बारीक तारा बहुधा त्यातच अडकतात, ट्यूबपर्यंत पोचत नाहीत.

किंमत मोजावी लागते ती वजनाने. 37 मिमी रुंदीचा एक टायर पाऊण किलोच्या वर जातो, चढावर ते जाणवतंच. आणि बसवणं खरोखर कठीण! सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने करा. टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट खाचेत दाबत दोन्ही हातांनी व्हॉल्व्हकडे या. शेवटचा वीतभर भाग अडतो, कारण आधी बसवलेली कड खाचेतून वर सरकते. सोबत्याने ती धरून ठेवली तर काम निम्मं होतं. लोखंडी पट्टी वापरू नका, ट्यूब चिमटते.

70 किलोचा स्वार, 15 किलो सामान असेल तर हवेचा दाब: मागे 70, पुढे 60 पीएसआय. हवा कमी ठेवली तर खड्ड्यात ट्यूब रिमवर आपटून दोन भोकं पडतात, तिथे निळा थर काही करू शकत नाही. बाजूची भिंत जांभ्याच्या धारेने कापली गेली तरीही तेच.

दोघं मिळून जात असाल तर एकाच मापाचे टायर घ्यावेत, म्हणजे दोन सुट्या ट्यूब दोघांत पुरतात. दोन-तीन दिवसांच्या सहलीसाठी मात्र हलका टायरच बरा.