मंजुरीपत्र आलं, पण मला एकही प्रश्न कुणी विचारला नव्हता

मी मिरजेची. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करून सात वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. मधुमेही पेशंटच्या पायाच्या जखमांचे स्वॅब, म्हणजे जखमेतून कापसाच्या बोळ्यावर घेतलेले नमुने, जंतू तपासायला (कल्चरला) यायचे. एकाच नावाचा स्वॅब दोनदा, तीनदा यायचा आणि मग यायचा बंद व्हायचा. चौकशी केली की बऱ्याचदा कळायचं, पाय काढला.

त्यातूनच मामेभावाबरोबर एक उपकरण करायला घेतलं. मधुमेहात पायाची संवेदना जाते, खडा टोचला तरी कळत नाही. पण जखम व्हायच्या आधी ती जागा आतून गरम होऊ लागते. दोन्ही पायांच्या एकाच जागेच्या तापमानात २.२ अंश सेल्सियसहून जास्त फरक सलग दिसला, तर चालणं कमी करून डॉक्टरांना दाखवायचं, हे वैद्यकात ठाऊक आहे. आमची कल्पना साधी होती: जेवायच्या पाटासारखी एक सपाट फळी, रोज सकाळी तिच्यावर मिनिटभर उभं राहायचं. भाऊ इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर. पहिला नमुना स्वतःच्या पैशांतून केला. पुढच्यासाठी पैसे नव्हते.

अशा कामांसाठी केंद्र सरकारचं अनुदान खरोखर आहे. जैवतंत्रज्ञान विभागाची बायरॅक नावाची संस्था 'बिग' योजनेतून, कल्पना चालते की नाही हे सिद्ध करण्यासाठी ५० लाखांपर्यंत देते. कर्ज नाही, अनुदान. हे ऐकून होते, पण अर्ज कसा लिहायचा ते माहीत नव्हतं. एका उद्योग मेळाव्यात एक गृहस्थ भेटले, 'अनुदान सल्लागार' म्हणून.

त्यांनी मला खोटं सांगून गुंडाळलं असं म्हटलं तर ते अर्धंच खरं ठरेल. त्यांनी सांगितलेलं बहुतेक खरं होतं. अमेरिकेत छोट्या कंपन्यांच्या संशोधनाला सरकारी पैसा देण्याचा कायदा १९८२ मध्ये झाला, आपल्याकडे २००५ मध्ये तशीच एसबीआयआरआय नावाची योजना आली, २०१२ मध्ये बायरॅक स्थापन झाली. अर्ज वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, मागवतात. पैसे एकदम मिळत नाहीत, ठरलेला टप्पा गाठला की पुढचा हप्ता. अनुदानासाठी वेगळं 'नो-लिएन' खातं, म्हणजे ज्यातल्या पैशांवर बँक आपला हक्क सांगत नाही असं, काढावं लागतं. मी घरी येऊन एकेक गोष्ट तपासली, सगळ्या बरोबर निघाल्या आणि माझा विश्वास बसला. खऱ्याच्या मध्ये ठेवलेलं एक वाक्य मात्र मी तपासलं नाही: "मॅडम, आम्ही त्यांच्या पॅनलवर आहोत, आमच्यामार्फत गेलेला अर्ज अडत नाही."

लेखनाची फी ३५ हजार, वर १८ टक्के जीएसटी. ४१,३०० रुपये भरले, बिल मिळालं. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला की धंदा कुणाचा ते दोन मिनिटांत दिसतं. मी तो टाकला फार नंतर. क्रमांक एका फर्निचरवाल्याचा होता.

जुलैचं पोर्टल उघडलं. "लॉगिन आम्हीच करतो, तुमचा वेळ वाचेल," म्हणाले. मी सर्किटची आकृती, सेन्सरची मांडणी, २३ जणांच्या पायांची मापं, सगळं ईमेलने पाठवलं. लेटरहेडवर कोऱ्या सह्याही दिल्या. आज हे लिहितानाही हात थांबतो.

सप्टेंबरच्या अखेरीस मंजुरीपत्र आलं. वर राजमुद्रा, खाली सही-शिक्का, मधे आमच्या कंपनीचं नाव आणि ५० लाखांचा आकडा. आई देवापुढे साखर ठेवून आली. दुसऱ्या दिवशी फोन: रकमेच्या दोन टक्के, म्हणजे एक लाख, सिक्युरिटी डिपॉझिट भरायचं, पहिल्या हप्त्याबरोबर परत येईल. मी सोन्याच्या दोन बांगड्या गहाण ठेवून भरले. दहा दिवसांनी पुन्हा फोन: आता टीडीएसचे अडीच लाख आधी भरा.

ते पैसे मागायला मी मामांकडे गेले. मामा ट्रेझरीतून निवृत्त झालेले. त्यांनी पत्र हातात घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "मुलाखत कधी झाली गं तुझी?"

"झाली नाही, मामा."

"मग तुला कुणी काय विचारलं?"

मला उत्तर देता येईना. मामा म्हणाले, "बत्तीस वर्षं बिलं पास केली मी. पैसे सोडायच्या आधी सरकार दहा शंका काढतं, दहा कागद मागतं. पैसे मागताना मी तरी कधी पाहिलं नाही."

मी सुन्न झाले. सेन्सर का निवडला, चूक किती येते, डॉक्टर कोण सोबत आहेत, यातलं एकही कुणी विचारलं नव्हतं. खऱ्या प्रक्रियेत तज्ज्ञ अर्ज वाचतात, अर्जदाराला समोर बसवून सादरीकरण करायला लावतात, मग कंपनीची कागदपत्रं आणि हिशेब बघतात. हे सगळं माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. मी ते वाचलं होतं, तरी पत्र हातात आल्यावर विसरले.

योजनेच्या एका भागीदार इन्क्युबेटरला, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या संस्थेला, फोन केला. (असे भागीदार देशात बरेच आहेत. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं व्हेंचर सेंटर त्यांपैकी एक.) तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की अर्जाला शुल्क नाही, मध्यस्थ लागत नाही, अनामत नाही. पत्रावरचा क्रमांक कुठेच नव्हता. अर्ज भरलाच गेला नव्हता.

त्याच संध्याकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. पण एक लाख जाऊन अकरा दिवस झाले होते आणि खातं रिकामं होतं. ते कुणा तिसऱ्याच माणसाचं, भाड्याने वापरलेलं. पैसे गेल्यापासून पहिल्या काही तासांत फोन केला तर रक्कम मधेच गोठवता येते, हे मला तेव्हाच कळलं. सायबर पोलिसांकडे गुन्हा नोंदवला आहे, तपास चालू आहे.

१,४१,३०० रुपयांपेक्षा मला जास्त लागलं ते वेगळं. जुलैची फेरी हुकली, आणि आमची सगळी आकृती एका अनोळखी माणसाकडे आहे. पेटंटचा तात्पुरता अर्ज आधी करायला हवा होता. स्टार्टअपला ऑनलाइन सरकारी फी १,६०० रुपये पडते आणि पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. मी तो नंतर घाईने केला. तुमच्याकडे अशी कल्पना असेल तर आधी ते करा, मग कुणालाही कागद दाखवा. पोर्टलवरचं खातं स्वतःच्या ईमेलने काढा, पासवर्ड कुणाला देऊ नका. लिहायला मदत घेतली तरी अर्ज पाठवायचं बटण तुमच्याच बोटाने दाबलं जाऊ दे.

जानेवारीत मी स्वतः अर्ज लिहिला. भाषा ओबडधोबड होती, पण माझी होती. तज्ज्ञांसमोर बोलावणं आलं. पहिलाच प्रश्न आला: शेतात अनवाणी वावरणाऱ्या माणसाच्या टाचेची कातडी जाड आणि भेगाळलेली असते, तिथे तुमचं तापमान खरं येतं का? माझ्या २३ जणांत शेतकरी चारच होते. अर्ज नामंजूर झाला.

सध्या दर रविवारी मी आणि भाऊ फळी घेऊन म्हैसाळ, आरग, बेडगला जातो. टाचांची मापं घेतोय.