चकवा लागला की रस्ता चुकला? दोन्ही बाजू

कोकणात कुणालाही विचारा, चकव्याची, म्हणजे रात्री वाट चुकवणाऱ्या भुताची, एक तरी गोष्ट निघतेच. माणूस रात्री रोजच्या पायवाटेने निघतो, घर दहा मिनिटांवर, आणि तासभर चालून परत त्याच आंब्याखाली! गाववाले म्हणतात चकव्याने धरलं, आता जागीच बस, उजाडेपर्यंत हलू नको, उजाडलं की सोडतो.

आता दुसरी बाजू. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला लावलं, जीपीएस लावून. सूर्य दिसत होता तोवर मंडळी बऱ्यापैकी सरळ, ढग आले की गोल गोल आणि कळतही नाही. एकजण रात्री वाळवंटात चालत होता, चंद्र ढगाआड गेल्यावर वळत वळत आल्या दिशेलाच निघाला. डोळे बांधल्यावर तर काहींची वर्तुळं जेमतेम २० मीटरची. एक पाय आखूड वगैरे कारण नाही हं, सरळ कुठे याचा अंदाजच बारीक बारीक चुकत जातो आणि चूक साठत जाते.

मला दुसरं पटतं, पण रोजची वाट असून भूल का पडते याचं पूर्ण उत्तर त्यात मिळत नाही, अंधार आणि घाबरलेलं डोकं हे आपण जोडायचं. आणि गंमत म्हणजे उपायात चकवाच पुढे, कारण दिशा कळत नसताना बसून राहणं हेच शहाणपणाचं, कड्याच्या बाजूला असाल तर नक्कीच, फक्त बसायच्या आधी पायाखाली बॅटरी मारा, पावसाळ्यात फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असतं.