जबड्यातली प्लेट काढली: डॉक्टरांना पाच तारे, बिलिंगला दीड

जबड्याच्या शस्त्रक्रियेत हाड धरून ठेवायला बसवलेल्या प्लेटा सहसा काढत नाहीत. टायटॅनियम शरीराला मानवतं. वरच्या जबड्यातल्या माझ्या चारही गुमान बसल्यात. खालच्या डावीकडची मात्र हिरडीखाली हाताला लागायची आणि उन्हाळ्यापासून तिथे सारखी पुळी येऊन पू व्हायचा. अँटिबायोटिक घेतलं की बसायचं, कोर्स संपला की पुन्हा सुरू. शेवटी पुण्यातल्याच एका हॉस्पिटलात ती काढून घेतली. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

डॉक्टर एक नंबर. ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढून हाड पक्कं जुळलंय हे स्क्रीनवर दाखवलं, मगच तारीख दिली. आणि आधी विचारलं काय, तर "प्लेट कुठल्या कंपनीची? जुन्या फाइलीत स्टिकर असेल बघा." स्क्रूच्या डोक्यावरची खाच सगळ्या कंपन्यांची सारखी नसते. नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर नसला की खाच झिजते आणि साधं काम लांबतं. आईने ती फाइल रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली होती, म्हणून निभावलं. तुमचं ऑपरेशन व्हायचं असेल तर तो स्टिकर आत्ताच मागून घ्या.

भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. चीर तोंडाच्या आतून, जुन्या व्रणावरच, त्यामुळे चेहऱ्यावर काही नाही. दुखलं अजिबात नाही, पण ऐकू सगळं येतं. एका स्क्रूवर हाड चढलं होतं. ते घासताना कानशिलापर्यंत घरघर, मग स्क्रू फिरताना बारीक कर्रर्र. घाबरट माणसाने खुशाल पूर्ण भूल मागावी. खालच्या ओठाची नस जवळून जाते, ओठ काही काळ बधिर राहू शकतो, हे सही घेण्याआधी नीट समजावलं होतं. माझा संध्याकाळपर्यंत ताळ्यावर आला. नंतर मऊ भात, नाचणीची पेज, बाहेरून बर्फ. क्लोरहेक्सिडिनच्या (जंतुनाशक माउथवॉशच्या) चुळांनी चहाची चव पार जाते, तेवढं सोसा.

आता बिलिंग. फोनवर सांगितलेल्या रकमेत ओटी (ऑपरेशन थिएटर) चार्ज धरलाच नव्हता, तो डिस्चार्जच्या वेळी उगवला. मेडिक्लेमचं विचारलं तर काउंटरवरचा मुलगा मान वर न करता, "दातांचं बसत नाही, मॅडम." अरे बाबा, दात नाही, हाड आहे! डॉक्टरांनी लेटरहेडवर पू झाल्याचं आणि प्लेट काढणं गरजेचं असल्याचं लिहून दिलं, तेव्हा कुठे त्याने फॉर्मवर शिक्का मारला. क्लेम अजून लटकलेलाच आहे.