नागपूरच्या घरात हार्लेक्विन रासबोरा: हिवाळा ते पावसाळा, वापरानंतरचा अनुभव

सेटअप असा: दोन फुटी टँक (24×12×15 इंच, भरल्यावर साधारण 60 लिटर), दहा रासबोरा मासे, एअर पंपावरचा स्पंज फिल्टर, 50 वॉटचा हीटर आणि काचेच्या झाकणाऐवजी जाळी. कळपाने फिरणारा शांत, लहान मासा हवा असेल तर नागपुरात निऑन टेट्राच्या नादी लागू नका. दुकानात तो जास्त चमकतो हे खरं, पण 26 अंशांच्या वरचं पाणी त्याला फार दिवस सोसत नाही. मलाया-सुमात्राकडचा रासबोरा 28 पर्यंत निवांत असतो.

मे महिन्यात काहीच केलं नाही तर टँकचं पाणी सहज 33 च्या वर जातं. गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो. 24 अंशांना लिटरमागे सुमारे 8.4 मिलिग्रॅम, तर 32 ला 7.3. मासे वर येऊन धापा टाकू लागतात ते यामुळे. उपाय स्वस्त आहे: 12 व्होल्टचे दोन कॉम्प्युटर फॅन जाळीवर तिरपे बसवायचे, वारा पाण्याला घासून गेला पाहिजे. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून पाणी भराभर उडतं आणि तापमान तीन-चार अंश उतरतं. कूलरच्या खोलीत हवा आधीच ओली, तिथे फॅनचा फायदा कमी. पण खोलीच गार असल्यानं निभतं. पावसाळ्यात फॅन नावालाच. आणि हो, कूलरच्या टाकीत डासांसाठी रॉकेल टाकत असाल तर बंद करा, एअर पंप तीच हवा पाण्यात सोडतो.

फॅनमुळे रोज दीड-दोन लिटर पाणी उडतं, क्षार मात्र मागेच राहतात. बोअरच्या जड पाण्यानं भर घातली की टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) चढत जातो, काचेवर पांढरी रेघ धरते, आणि रासबोरा तर मऊ पाण्याचा मासा. रोजची भर आरओच्या पाण्याची घाला. आठवड्याला पाव टँक बदलायचा तो नळाच्या पाण्यानं, तेही बादलीत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून 24 तास ठेवलेल्या. स्पंज नळाखाली धुऊ नका, नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं त्यातले पाणी साफ ठेवणारे जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्याच पाण्यात दोनदा पिळला की पुरे.

डिसेंबर-जानेवारीत हीटर 24 वर हवाच. रात्रीतून पाणी पाच-सहा अंश पडलं की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग डोकं वर काढतो.

आठपेक्षा कमी मासे घेऊ नका. तिघे-चौघे असले की झाडांमागे दडतात, तांबूस अंग फिकं पडतं, शेपटीकडचा काळा त्रिकोण राखाडी दिसतो. तोंड लहान, त्यामुळे फ्लेक्स (पापुद्र्यासारखं माशांचं खाद्य) चिमटीत चुरून, दोन मिनिटांत संपतील इतकेच.

तक्रारी दोन. मासा उडी मारतो, त्यामुळे जाळी काढून ठेवता येत नाही. आणि उन्हाळ्यात लाइट गेली की फॅन-पंप दोन्ही बंद; बॅटरीवरचा पंप आधीच आणून ठेवा.

टँक महिनाभर माशांशिवाय, पण रोज चिमूटभर खाद्य टाकत चालवा; त्यातून होणारे अमोनिया आणि नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) जिवाणूंनी संपवून चाचणीत शून्य आल्यावरच मासे सोडा. एप्रिल-मेमध्ये खरेदी नको. गाडीवरून घरी पोचेपर्यंत पिशवीतलं पाणीच तापतं.