दोन पाट्या आणि एक कोरी : एपिफायलमसोबतचे 26 महिने

26 महिन्यांपूर्वी माझ्याकडे एपिफायलम या चपट्या खोडाच्या निवडुंगाची एक भरलेली कुंडी आणि दोन कटिंग्ज आली. तिन्हींवर विकणाऱ्याने पाट्या लावून दिल्या होत्या : ‘ब्रह्मकमळ’, ‘लाल ब्रह्मकमळ’ आणि ‘फिशबोन एपिफायलम’. आज पहिल्या पाटीवर मी शास्त्रीय नाव घातलंय, दुसरी पार बदललीये आणि तिसरी पुसून कोरी ठेवलीये. इतक्या महिन्यांनी माझं एक मत पक्कं झालंय. हे झाड विकत घेताना पाटीवर जाऊ नये. खोड नीट बघावं आणि फुलापर्यंत थांबावं.

आधी नावाचं. आपण ज्याला घराघरात ब्रह्मकमळ म्हणतो ते एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. मूळचं दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, जातीने निवडुंग. हिमालयात उंचावर वाढतं ते ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया ऑब्व्हालाटा, सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याच्या ज्या फिकट पिवळसर पाकळ्या वाटतात त्या खरं तर कागदासारखी पातळ पानं असतात आणि जांभळी फुलं त्यांच्या आत दडलेली असतात. दोघांत नावापलीकडे काहीच नातं नाही. मीही घरी ब्रह्मकमळच म्हणते, तोंडात बसलेलं नाव सुटत नाही. पण वाढवायची माहिती शोधताना मात्र हे नाव बाजूला ठेवावं लागतं, नाहीतर थंड डोंगरातल्या झाडाचे सल्ले उष्ण जंगलातल्या झाडाला लागू करून बसतो.

दुसरी गोष्ट मला कळायला चार महिने लागले : याला पानं नसतातच. जे पान दिसतं ते चपटं झालेलं खोड. कडेला जी खाच असते तिथे निवडुंगाचा डोळा असतो. फूल तिथूनच येतं आणि नवी फांदीही. एपिफायलम या ग्रीक शब्दांतून आलेल्या नावाचा अर्थ ‘पानावरचं’, म्हणजे नाव ठेवतानाही खोडाला पानच मानलं गेलं. हे एकदा डोक्यात बसलं की ‘पान पिवळं पडलं, तोडून टाकू’ हा हात आवरतो. जुनं, करपलेलं दिसणारं खोडही पुढच्या वर्षी कळी देऊ शकतं.

आता माझी मोठी चूक. आल्या आल्या मी मोठी कुंडी घेतली, बागेतली काळी माती भरली आणि रोज पाणी घातलं. तीन आठवड्यांत मधली जाड फांदी बुडाशी तपकिरी झाली. बोटाने दाबली तर उकडलेल्या बटाट्यासारखी आत गेली आणि कुजका वास आला. उपटून बघितलं तर मुळांचं साल हातात निघून येत होतं, आत नुसता दोरा शिल्लक. हे झाड जंगलात झाडांच्या बेचक्यांत, साचलेल्या पालापाचोळ्यात वाढतं. पाऊस पडतो, मुळं भिजतात, तासाभरात वारा लागतो. चिखलात पाय रोवून उभं राहण्याची त्याला सवयच नाही. मी कुजलेला भाग हिरवा, स्वच्छ काप दिसेपर्यंत छाटत गेले आणि उरलेल्या फांद्यांची कटिंग्ज केली.

आता मिश्रण असं ठेवते : निम्मे नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि झाडाची साल, पाव भाग पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे), पाव भाग जुनं गांडूळखत. कुंडी लहान, मुळांना जेमतेम पुरेल एवढीच. वरचा बोटभर थर सुकला की पाणी, आणि तेही खालून निथळेपर्यंत. कटिंगसाठी हातभर लांबीची पक्व फांदी कापून सावलीत आठ-दहा दिवस नुसती ठेवायची. काप सुकून कातडी धरली की दोन-तीन सेंटिमीटर खोल खोचायची आणि पहिला आठवडा पाणी द्यायचं नाही. घाई केली ती तिन्ही कटिंग्ज सडली, धीर धरला त्यातलं एकही नाही.

उजेडाबाबत झाड स्वतः बोलतं. ऊन जास्त झालं की खोड पिवळट-तांबूस होतं. कमी पडलं की फांद्या पेन्सिलीसारख्या बारीक होऊन उंच पळत सुटतात. सकाळचं कोवळं ऊन आणि पुढे दिवसभर झिरपता उजेड, एवढ्यावर माझं झाड खूश आहे. तापमान 10 अंशांखाली जाऊ देत नाही. थंडीच्या दिवसांत पाणी कमी करते, खत बंद. नंतर नत्र कमी आणि पालाश जास्त असलेलं पातळ खत महिन्यातून दोनदा. नुसतं नत्र देऊन मी एक पूर्ण मोसम फक्त हिरवीगार फांदी वाढवली, कळी एकही नाही.

किडीत पिठ्या ढेकणाने खरा त्रास दिला. कापसासारखे पुंजके नेमके खाचांत बसतात. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक खाच पुसावी लागते. काम कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय मला इतका लागू पडला नाही.

चौदाव्या महिन्यात एका खाचेत लालसर ठिपका दिसला. तो फुगत गेला, लांब देठावर खाली लोंबला आणि तेविसाव्या दिवशी कळीने मान वर उचलली, हंसाच्या मानेसारखी. ‘आज उमलणार बघ,’ आई संध्याकाळीच म्हणाली. आठ वाजता टोक सैल झालं. बाहेरच्या तांबूस, अरुंद पाकळ्या आधी मागे सरकल्या. पावणेनऊला कळी एकदम हलकीशी थरथरली आणि आतला पांढरा भाग दिसला. मग वास आला. आधी अगदी पुसट, दहा वाजता खोलीभर. आत शेकडो पुंकेसर दोन गटांत, आणि त्यांच्यावर पांढऱ्या चांदणीसारखा स्त्रीकेसराचा तुरा. नळीसकट मोजलं तर 27 सेंटिमीटर. हा थाट रात्री फिरणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी असतो. आई साडेबारापर्यंत समोर बसून होती. पहाटे पाचला फूल मान टाकून लोंबत होतं. त्याच मोसमात आणखी दोन कळ्या आल्या होत्या. त्या मी ‘जरा चांगली जागा’ म्हणून कुंडी फिरवल्यावर गळल्या. कळी धरलेली कुंडी हलवू नये, हे मी त्या दोन कळ्या गमावून शिकले.

आता पाट्यांकडे. ‘लाल ब्रह्मकमळ’ असं काही नसतं. एपिफायलम ऑक्सिपेटॅलम पांढरंच फुलतं, फक्त बाहेरून गुलाबी-तांबूस छटा असते. माझं लाल झाड फुललं ते सकाळी, तीन दिवस टिकलं आणि वास जवळजवळ नव्हताच. हे संकरित झाड. अशी लाल, गुलाबी, केशरी संकरितं बहुतेक डिसोकॅक्टस या निवडुंगांच्याच दुसऱ्या गटातल्या पूर्वजांकडून रंग घेतात आणि दिवसा फुलतात. फुलायच्या आधीही ते ओळखता आलं असतं, माझंच लक्ष नव्हतं. ऑक्सिपेटॅलमचा बुडातला नवा कोंब छडीसारखा गोल येतो आणि वर जाऊन चपटा होतो. लालच्या बुडातले कोंब तिधारी होते, खाचांत बारीक काटे. म्हणून कटिंग घेताना शेंड्याचा फोटो पुरेसा नाही, बुडाचा मागावा. सगळीच खोडं जाड, तिधारी आणि काटेरी असतील, भिंतीला मुळांनी चिकटत असतील, तर ती बहुधा ड्रॅगनफ्रूटची वेल. तिचंही फूल मोठं, पांढरं आणि रात्रीचंच, त्यामुळे फसगत सहज होते.

निळं एपिफायलम विकायला दिसलं तर पुढे जावं. निवडुंगांच्या फुलांतला रंग बेटालेन नावाच्या द्रव्यांचा असतो. त्यातून पिवळा, केशरी, लाल, किरमिजी, जांभळट मिळतो, खरा निळा नाही. निळा असतो तो फोटोवर केलेल्या कामाचा.

फिशबोनचं कोडं सगळ्यांत रंजक. माशाच्या काट्यासारखी नागमोडी कड असलेल्या दोन झाडांची सर्रास गल्लत होते. एक, जे आजवर एपिफायलम अँग्युलिगर म्हणून विकलं जातं आणि आता डिसोकॅक्टसमध्ये गणलं जातं. दुसरं सेलेनिसिरियस अँथोनियानस. पहिल्याचं फूल आतून पांढरं, बाहेरून पिवळसर. दुसऱ्याचं आतून मलईसारखं, पण बाहेरच्या पाकळ्या गुलाबी-जांभळ्या. फूल समोर असेल तर प्रश्नच मिटतो. नुसत्या खोडावरून मात्र मन द्विधा होतं. माझ्या झाडाला आधार दिसला की हवेतली मुळं फुटतात आणि ते चढायला बघतं, म्हणून माझा कल दुसऱ्याकडे आहे. पाटीवर लिहिण्याइतका नाही.

घ्यावं का? जागा अडते, फांद्या सहा फूट लोंबतात, फूल नसताना झाड अस्ताव्यस्त दिसतं आणि कटिंगला फुलायला सहसा दोन-तीन वर्षं लागतात. हे चालणार असेल तर जरूर घ्यावं. भरल्या कुंडीपासून सुरुवात केली तर वाट कमी पाहावी लागते.

गेल्या रविवारी फिशबोनच्या एका खाचेत ठिपका दिसला. नवी फांदी असेल तर तो चपटा, लवदार निघतो. कळी असेल तर गोल, गुबगुबीत. आज सकाळी भिंगातून पाहिलं, गोल वाटतोय. कुंडी जागची हलवलेली नाही, पाटी आणि पेन्सिल बाजूला काढून ठेवलीये.