२००४ची मुदत असलेला रंगीत कागद

गल्लीतला स्टुडिओ बंद झाला तेव्हा काकांनी रंगीत प्रिंटिंग पेपरचं सीलबंद पाकीट आणि डेव्हलपरची, म्हणजे कागदावर चित्र उमटवणाऱ्या रसायनाची, अर्धी बाटली मला देऊन टाकली. पाकिटावर मुदत २००४ची.

डेव्हलपर कोऱ्या चहासारखा काळपट झाला होता. असला अजिबात वापरू नका. मी नवीन आरए-४, म्हणजे रंगीत कागदासाठीचं, केमिकल आणलं, ३५ अंशांवर ४५ सेकंद डेव्हलप केलं, मग ब्लिक्स, म्हणजे ब्लीच आणि फिक्सर एकत्र. सगळं मिट्ट काळोखात, चाचपडत.

आईच्या हिरव्या पैठणीची निगेटिव्ह लावली. प्रिंट उजेडात आणली तर कडेची पांढरी पट्टी जुन्या पोथीच्या पानासारखी पिवळट, आणि काळा रंग नुसता राखाडी. प्रिंट करतानाच्या प्रकाशात पिवळा फिल्टर वाढवल्यावर चेहरा सावरला, पैठणीही हिरवी झाली. पट्टी मात्र तशीच. जुनेपणाचं हे धुकं कागदातच मुरलंय, तिथे फिल्टर काय करणार? पण पैठणीचा जरीचा काठ त्या पिवळटपणात असा उबदार दिसतो की ती प्रिंट मी फ्रेम केली.

असा जुना कागद फुकट किंवा अगदी स्वस्त मिळाला तर सरावाला, टेस्ट स्ट्रिपला (आधी छापून बघायच्या चाचणी पट्टीला) जरूर घ्या. लग्नाच्या फोटोंसाठी ताजाच कागद हवा. उरलेलं पाकीट मी फ्रीजमध्ये ठेवलंय.